उंदराचं वावडं

भाच्यानं शर्टाची बाही वर केली आणि हात माझ्यापुढे धरला. मनगटापासून कोपरापर्यंत बारीक लाल रेघा होत्या, तीन-तीन, चार-चारच्या जुड्यांनी. ओरखडे म्हणावेत तर रक्त कुठेच नव्हतं. बघता बघता त्या रेघा फुगल्या, मधला भाग पांढुरका झाला, आणि पाच मिनिटांत सगळ्या हातावर गांधी उठल्या. "मावशी, गूळ धावत खांद्यावर गेला ना, तो जिथून गेला तिथेच उठलंय बघ," तो म्हणाला. ताई स्वयंपाकघरातून म्हणाली, "पित्त आहे गं त्याचं. आमसुलाचं पाणी लावते, बसतं लगेच."

गूळ म्हणजे त्याचा उंदीर. दुसऱ्याचं नाव तीळ. संक्रांतीच्या आठवड्यात क्रॉफर्ड मार्केटच्या पाळीव प्राण्यांच्या दुकानातून आणलेले दोन नर, म्हणून ही नावं. ताईचं घर उलव्याला, सातव्या मजल्यावर. खिडकीतून खाडी, तिवरं आणि पलीकडे न्हावा शेवा बंदराच्या उंच क्रेन दिसतात. भावजी बंदराबाहेरच्या एका कंटेनर यार्डात नोकरीला. दिवसभर गोदामातल्या उंदरांच्या तक्रारी ऐकायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन उंदरांना शेंगदाणे भरवायचे, असा त्यांचा दिनक्रम. त्या दोन जिवांनी घरातल्या सगळ्यांना लळा लावला होता. हाक मारली की पिंजऱ्याच्या दाराशी येत, तळहातावर निजत, मुलगा शाळेतून आला की जाळीला धरून उभे राहत. पाळीव उंदीर माणूस ओळखतो, खेळ शिकतो, एकटा ठेवला तर झुरतो. ज्यांना उंदीर म्हटलं की किळस येते त्यांना हे पटणार नाही, पण ज्या घरात तो राहिला आहे त्या घराला सांगावं लागत नाही.

म्हणूनच त्या हाताकडे बघून मला वाईट वाटलं. ते पित्त नव्हतं. ते उंदराचं वावडं होतं.

'वावडं' हा आपला जुना, नेमका शब्द. कुणाला वांग्याचं, कुणाला कोळंबीचं, कुणाला शेंगदाण्याचं. 1906 साली क्लेमेन्स फॉन पिर्के या ऑस्ट्रियन बालरोगतज्ज्ञानं 'ॲलर्जी' हा शब्द घडवला. त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या आज्या पंगतीत वाढताना विचारत आल्या आहेत, कुणाला कशाचं वावडं नाही ना? खाण्याच्या बाबतीत आपण इतके सावध असतो. घरात पाळलेल्या प्राण्याच्या बाबतीत मात्र सगळा दोष केसांना देऊन मोकळे होतो. "केस नाकात जातात", "केसाळ जनावर नको" हे आपण नेहमी ऐकतो. उंदराच्या बाबतीत त्यात आणखी एक भर पडते. उंदीर घाणेरडा, म्हणून त्रास झाला, असं सरळ समीकरण मांडलं जातं.

खरा दोषी वेगळाच आहे. उंदराच्या लघवीत एक प्रथिन असतं. ॲलर्जीच्या शास्त्रात त्याला 'रॅट एन 1' म्हणतात. ते प्रामुख्यानं नराच्या यकृतात तयार होतं, रक्तातून मूत्रपिंडात येतं आणि रोज काही मिलिग्रॅम लघवीवाटे बाहेर पडतं. माणसाच्या लघवीत एवढं प्रथिन सापडलं तर डॉक्टर मूत्रपिंड तपासायला सांगतील, पण नर उंदराची ती रोजची गरज आहे. या प्रथिनाचा रेणू आतून पोकळ पिंपासारखा असतो. त्या पोकळीत गंधाचे बारीक रेणू बसतात आणि हळूहळू हवेत सुटतात. उंदीर चालता चालता थेंबाथेंबानं लघवीच्या खुणा सोडत जातो. 'मी इथून गेलो, मी नर आहे, वयात आलो आहे' एवढा निरोप त्या खुणा मागाहून येणाऱ्या उंदराला देतात. पिंपासारख्या प्रथिनामुळे गंध पटकन उडून जात नाही, निरोप जास्त वेळ टिकतो.

गूळ हातावरून खांद्यावर धावला तेव्हा त्यानं तेच केलं. त्याच्या पंजांना, पोटाला, शेपटीला ते प्रथिन लागलेलं होतंच. नखांनी कातडीवर न दिसणारे ओरखडे पडले, आणि प्रथिन कातडीत उतरायला तेवढी वाट पुरली. म्हणून गांधी अंगभर न उठता उंदराच्या पावलांच्या वाटेनं उठल्या. पोटातून उठणारं पित्त असं रेघ धरून चालत नाही. कुणाच्या घरी ससा, मांजर, उंदीर असेल आणि पुरळ ओरखड्यांच्या रेघांवरच उठत असेल, तर आमसुलाच्या आधी वावड्याचा विचार करावा. आमसुलानं अंगाला गार वाटतं, त्याला माझी हरकत नाही. पण कारण कळायला त्याची मदत होत नाही.

इथे एक जुनी गोष्ट आठवते. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात उंदरांवर स्वतंत्र अध्याय आहे. त्यात उंदरांचे अठरा प्रकार सांगितले आहेत, आणि त्यांचं विष शुक्रात असतं असं म्हटलं आहे. ते शुक्र अंगावर पडलं, किंवा ते लागलेली नखं-दात अंगाला लागले, की सूज, गाठी, मंडलं उठतात असं वर्णन येतं. त्यात आजची ॲलर्जी शोधणं ओढूनताणून होईल. तिथली बरीच लक्षणं उंदीर चावल्यावर येणाऱ्या तापाची वाटतात. पण उंदराच्या दाताइतकाच त्याच्या अंगातून बाहेर पडणारा स्राव माणसाला बाधतो, आणि तो नखांवरून कातडीत जातो, हे त्या वैद्यानं डोळ्यांनी पाहिलेलं असणार. एवढं बारीक पाहणाऱ्याबद्दल मला फार आदर वाटतो.

आता शरीराच्या बाजूनं पाहू. पहिल्या दिवशी काहीच होत नाही, आणि इथेच माणूस फसतो. जानेवारीत उंदीर आले, फेब्रुवारी-मार्च मजेत गेले, म्हणजे त्रास होणार नाही असं घरच्यांनी धरलं. पण त्या महिन्यांत भाच्याच्या शरीरात तयारी चालली होती. हे प्रथिन शत्रू आहे असा त्याच्या प्रतिकारयंत्रणेचा गैरसमज झाला आणि तिनं त्याच्याविरुद्ध 'आयजीई' नावाची प्रतिपिंडं बनवली. 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्यानं अमेरिकेत, आणि योहान्सन व बेनिक यांनी स्वीडनमध्ये, ही प्रतिपिंडं शोधली. ती नाकाच्या, डोळ्यांच्या, श्वासनळ्यांच्या अस्तरात आणि कातडीत असलेल्या मास्ट पेशींवर जाऊन बसतात. पुढच्या वेळी तेच प्रथिन आलं की त्या पेशी हिस्टामिन आणि इतर रसायनं बाहेर टाकतात. मग नाक गळतं, डोळे चुरचुरतात, कातडीवर गांधी उठतात. आणि छातीत हे झालं तर श्वासनळ्या आवळतात, आत सूज येते, चिकट बेडका साठतो. त्याला आपण दमा म्हणतो.

हे सगळं आपल्याला कुठून कळलं? पाळीव उंदरांच्या घरांतून फारसं नाही. कळलं ते प्रयोगशाळांतून. पनवेल तालुक्यातच, उलव्यापासून थोड्याच अंतरावर, खारघरला टाटा मेमोरियल सेंटरचं ॲक्ट्रेक हे कर्करोग संशोधन केंद्र आहे. तिथे आणि जगभरच्या अशा संस्थांत प्रयोगांसाठी उंदीर वाढवले जातात. पिंजरे धुणारे, भुसा बदलणारे, उंदीर हाताळणारे कामगार आणि संशोधक रोज या प्रथिनात वावरतात. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेनं 1998 साली प्राणी हाताळणाऱ्यांमधल्या दम्याबद्दल एक इशारापत्रक काढलं. त्यातल्या अंदाजाप्रमाणे अशा कामगारांपैकी सुमारे 33 टक्क्यांना ॲलर्जीची लक्षणं दिसतात आणि सुमारे 10 टक्क्यांना प्राण्यांमुळे होणाऱ्या दम्याची. बहुतेकांना त्रास पहिल्या दोन-तीन वर्षांत सुरू होतो. आधी नाक आणि डोळे, मग कातडी, आणि शेवटी छाती, असा क्रम पुष्कळांत दिसतो. त्या कामगारांच्या नाका-छातीनं आपल्याला जे शिकवलं ते घरातल्या एका पिंजऱ्यालाही तंतोतंत लागू पडतं. फरक एवढाच की प्रयोगशाळेत हवा बाहेर खेचणारी यंत्रणा असते. घरात पिंजरा मुलाच्या उशाशी असतो, आणि मूल तिथे आठ तास झोपतं.

या एका प्रथिनानं कर्करोगाच्या शास्त्रालाही एकदा चकवलं होतं. संत्र्याच्या सालीत लिमोनीन नावाचं सुगंधी द्रव्य असतं. ते नर उंदरांना मोठ्या मात्रेत दिल्यावर त्यांच्या मूत्रपिंडात गाठी झाल्या, माद्यांना मात्र काही झालं नाही. शोध घेतल्यावर कळलं की ते द्रव्य नराच्या या प्रथिनाला चिकटतं आणि त्याचा साठा मूत्रपिंडाच्या पेशी बिघडवतो. माणसात हे प्रथिनच नाही. म्हणून 1991 साली अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं असा निर्वाळा दिला की या मार्गानं नर उंदरात होणाऱ्या गाठींवरून माणसाचा धोका मोजू नये. आपल्या गोष्टीसाठी यातली कामाची बाब ही, की माद्या हे प्रथिन यकृतात बनवत नाहीत. लाळेसारख्या इतर स्रावांत थोडं असतं, पण लघवीतलं प्रमाण नराच्या मानानं फार कमी. ज्या घरात ॲलर्जीचा इतिहास आहे आणि तरी उंदीर पाळायचेच आहेत, तिथे माद्या आणणं शहाणपणाचं. ताईच्या घरी आले होते दोन नर, तेही वयात येत असलेले.

या प्रथिनांचं घराणं मोठं आहे. लिपोकॅलिन हे त्याचं नाव. कुत्र्याचं, घोड्याचं, गाईच्या अंगाचं, गिनीपिगचं महत्त्वाचं ॲलर्जीकारक प्रथिन याच घराण्यातलं. गाईच्या दुधातलं बीटा-लॅक्टोग्लोब्युलिनही त्यातलंच. छोट्या पांढऱ्या उंदराचं, म्हणजे ज्याला इंग्रजीत माऊस म्हणतात त्याचं प्रथिन तर मोठ्या उंदराच्या प्रथिनाशी इतकं मिळतंजुळतं आहे की एकाचं वावडं असेल तर दुसऱ्याचंही असण्याची शक्यता बरीच. 'उंदीर सोसत नाही, मग हॅमस्टर आणू' ही तडजोड पुष्कळ घरांत होते. पण हॅमस्टरच्या चाव्यानं ॲलर्जीचा जिवावर बेतणारा झटका आल्याची प्रकरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. चाचणी न करता प्राणी बदलू नये.

भावजींनी मला विचारलं, "आमच्या यार्डात एवढे उंदीर आहेत. मग आम्हाला का होत नाही?" हा प्रश्न नीट घ्यावा असा आहे. पिंजऱ्यातला गूळ आणि धक्क्यावरचा उंदीर यांची जात एकच, तपकिरी उंदीर. त्याचं मूळ उत्तर चीन आणि मंगोलियाकडचं, आणि जगभर तो पसरला तो जहाजांतून. म्हणूनच आपल्या देशात तो मुख्यतः बंदरांच्या शहरांत दिसतो. आपल्या घराच्या माळ्यावर धावणारा काळा उंदीर वेगळा, तो मूळचा भारतीय उपखंडातलाच. 1905 पासून मुंबईत काम करणाऱ्या प्लेग संशोधन आयोगानं या दोघांचा बारकाईनं अभ्यास केला. काळा उंदीर घरात माणसांबरोबर, तपकिरी गटारांत आणि गोदामांत, असा तो हिशेब होता. हे काम चाललं परळच्या प्रयोगशाळेत. 1899 साली हाफकिन यांची प्लेग प्रयोगशाळा तिथे गेली, आणि 1925 साली तिला त्यांचं नाव मिळालं. आज त्या परळजवळच्या शिवडीहून 21.8 किलोमीटरचा अटल सेतू थेट न्हावा शेव्याकडे येतो. 12 जानेवारी 2024 रोजी तो सुरू झाल्यापासून भावजींचं मुंबईला जाणं-येणं सोपं झालं. संक्रांतीचे ते दोन उंदीरही पुठ्ठ्याच्या खोक्यात बसून याच पुलावरून घरी आले.

जहाजांवरच्या उंदरांची जगानं फार धास्ती घेतली होती. 1926 च्या आंतरराष्ट्रीय करारानं जहाज उंदीरमुक्त असल्याचा दाखला सक्तीचा केला. 2007 पासून त्याची जागा जहाजाच्या स्वच्छतेच्या व्यापक दाखल्यानं घेतली, आणि तोही सहा महिनेच चालतो. बंदराला जहाज बांधतात त्या दोरखंडांवर गोल पत्रे बसवलेले असतात, तेही उंदीर चढू-उतरू नयेत म्हणून. 26 मे 1989 रोजी सुरू झालेलं न्हावा शेव्याचं बंदर आज देशातल्या सर्वात मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक आहे, आणि तिथे बंदर आरोग्य विभागाचं कार्यालय आहे. हे सगळं प्लेगच्या अनुभवातून आलं. ॲलर्जीचा विचार त्यात कुठेच नव्हता.

तरी भावजींच्या प्रश्नाचं उत्तर असं, की गोदामातल्या लोकांनाही होतं. फक्त त्याचं नाव कुणी घेत नाही. अमेरिकेतल्या मोठ्या शहरांमधल्या दाट वस्तीच्या घरांची तपासणी झाली तेव्हा सुमारे एक तृतीयांश घरांच्या धुळीत उंदराचं हे प्रथिन सापडलं, आणि दमेकरी मुलांपैकी साधारण पाचातल्या एकाच्या शरीरानं त्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवलेली होती. 2003 साली हे प्रसिद्ध झालं. त्या मुलांनी उंदीर पाळले नव्हते, उंदीरच त्यांच्या घरात राहत होते. आपल्या चाळी, गाळे, धान्याची गोदामं, कंटेनर यार्डातले पत्र्याचे शेड यांचा असा हिशेब व्हायला हवा. 'कामावर गेलं की नाक चोंदतं, सुट्टीच्या दिवशी बरं असतं' असं म्हणणारा माणूस या पट्ट्यात सहज भेटेल. तो डिझेलच्या धुराला किंवा रस्त्याच्या धुळीला दोष देतो. त्यातही तथ्य असू शकतं. पण जुन्या मालामागे उंदरांच्या लेंड्यांचा थर असेल तर कोरड्या झाडूनं तो उडवू नये. आधी जंतुनाशकाच्या पाण्यानं भिजवावा, हातमोजे घालावे, एन-95 मास्क लावावा आणि मग पुसून घ्यावा. लघवीतूनच पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसपासून वाचायलाही या खबरदारीची मदत होते, आणि पावसाळ्यात कोकणपट्टीला लेप्टो काही नवा नाही.

आता ताईच्या घरी परत येते. जून लागला, खिडक्या बंद झाल्या. जुलैत भाच्याला रात्री खोकला सुरू झाला. पहाटे तीन-चारच्या सुमाराला उठून बसायचा. छातीत मांजर बोलल्यासारखी घरघर. औषधं झाली, वाफारे झाले, हळदीचं दूध झालं. पहिल्या डॉक्टरांनी धुळीची ॲलर्जी म्हणून गोळ्या दिल्या. तेही चुकीचं म्हणता येणार नाही. उलव्याच्या आसपास डोंगर कापले गेले, विमानतळाचं काम झालं, धूळ आहेच. पण घरात प्राणी आहे का, हे कुणी विचारलं नाही, आणि ताईनंही सांगितलं नाही. तिला तो आजाराशी जोडण्याजोगा विषय वाटलाच नाही.

मग मी हातावरच्या त्या गांधी पाहिल्या, आणि चाचणी झाली. पाठीवर किंवा हातावर वेगवेगळ्या अर्कांचे थेंब ठेवतात, प्रत्येक थेंबातून कातडीला हलकंसं टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटं थांबतात. जिथे वावडं असेल तिथे गांध उठते. खाऱ्या पाण्याच्या थेंबापेक्षा ती तीन मिलिमीटरनं मोठी असेल तर चाचणी होकारार्थी धरतात. ॲलर्जीच्या गोळ्या चालू असतील तर त्या डॉक्टरांना विचारून काही दिवस आधी थांबवाव्या लागतात, नाहीतर गांध उठतच नाही. उंदराचा अर्क प्रत्येक ठिकाणी असेलच असं नाही, म्हणून आधी फोन करून विचारावं. रक्तातली त्या विशिष्ट प्रथिनाविरुद्धची आयजीई मोजण्याचाही पर्याय आहे. भाच्याच्या हातावर दोन मोठ्या गांधी उठल्या. एक उंदराची, दुसरी घरातल्या धुळीतल्या सूक्ष्म किड्याची, ज्याला डस्ट माइट म्हणतात. तो गाद्या-उशांत राहतो आणि दमट हवेत फोफावतो, म्हणजे कोकणात त्याला बारा महिने सुगी. ही दुसरी गांध महत्त्वाची होती. उंदीर घालवूनही गादी तशीच ठेवली असती तर मुलगा बरा झाला नसता, आणि उंदीर उगाच गेले असं सगळ्यांना वाटलं असतं. कधी कधी तर उंदीर अगदी निर्दोष निघतो, त्रास पिंजऱ्यातल्या भुशाच्या किंवा गवताच्या धुळीचा असतो. म्हणून आधी चाचणी, मग निर्णय. उलट करू नये.

ज्याचा त्रास नाका-डोळ्यांपुरता आहे आणि छाती स्वच्छ आहे, त्याला उंदरांसोबत राहता येतं. त्यासाठी घराची घडी थोडी बदलावी लागते. पहिली गोष्ट, पिंजरा झोपण्याच्या खोलीत नको. यावर मी तडजोड करणार नाही. दुसरी, पिंजरा साफ करण्याचं काम ज्याला वावडं आहे त्याच्याकडे नको. पिंजरा ढवळला की वाळलेल्या लघवीचे बारीक कण हवेत उडतात. माणसाच्या केसाच्या जाडीच्या दहाव्या-विसाव्या भागाएवढे ते असतात, आणि बराच वेळ तरंगत राहतात. घरात दुसरं कुणी नसेल तर एन-95 मास्क, हातमोजे आणि लांब बाह्यांचा वेगळा सदरा घालून, गॅलरीत, खिडक्या उघड्या ठेवून ते करावं. सदरा लगेच धुवायला टाकावा.

लाकडाचा भुसा टाळावा. त्याची धूळ उडते, आणि पाइनसारख्या सुवासिक लाकडाचा भुसा उंदराच्या छातीलाही बरा नाही. कागदाचे तुकडे किंवा लघवी शोषून घेणारं जाड कापड घालून ते वरचेवर बदलावं. ओलं राहिलं की अमोनियाचा उग्र वास सुटतो. उंदरांच्या फुप्फुसात एक जुनाट जंतुसंसर्ग बहुधा दबा धरून असतोच, तो अमोनियानं उफाळतो. म्हणजे पिंजरा स्वच्छ ठेवण्यात माणसाचं आणि उंदराचं हित एकच आहे. खोलीची फरशी झाडण्यापेक्षा ओल्या फडक्यानं पुसावी. पडदे, गालिचे कमी करावेत. एचईपीए गाळणीचं हवा शुद्ध करणारं यंत्र परवडत असेल तर उपयोगी पडतं, पण त्याच्या भरवशावर बाकीचं सोडू नये. उंदराला वारंवार आंघोळ घालून फारसं साधत नाही, पुढच्या तासाभरात तो पुन्हा खुणा सोडतोच. उंदीर घेतल्यावर हात कोपरापर्यंत साबणानं धुवावेत आणि तोवर डोळ्यांना लावू नयेत. एवढ्या साध्या गोष्टीनं डोळ्यांचा निम्मा त्रास टळल्याचं मी पाहिलं आहे.

औषधांत, झोप न आणणाऱ्या नव्या पिढीच्या ॲलर्जीच्या गोळ्या आणि नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा, दोन्ही डॉक्टरांच्या सल्ल्यानं. धुळीच्या किड्याच्या ॲलर्जीवर दीर्घ मुदतीची लस देतात, तिचा चांगला अनुभव आहे. उंदराच्या बाबतीत तसा पुरावा तुटपुंजा आहे, म्हणून त्या आशेवर उंदीर उशाशी ठेवू नयेत.

छातीत घरघर सुरू झाली की मात्र हिशेब बदलतो. भाच्याला नळीत फुंकायला लावून श्वासाची चाचणी केली. मग श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध दिलं आणि पुन्हा फुंकायला लावलं. आकडा ठळक वाढला. दमा ठरला. ताईनं पहिला प्रश्न विचारला तो, "पंपाची सवय तर लागणार नाही ना?" ही भीती आपल्या घराघरांत बसलेली आहे आणि तिनं मुलांचं फार नुकसान केलं आहे. पंपाची सवय लागत नाही. त्यातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि थेट जिथे हवं तिथे पोचतं. उलट फक्त धाप लागली की मारायच्या पंपावर राहणं धोक्याचं, कारण त्यानं नळी मोकळी होते पण सूज तशीच राहते. म्हणूनच 2019 पासून दम्याविषयीच्या जागतिक मार्गदर्शक तत्त्वांत मोठ्यांना आणि किशोरवयीनांना केवळ त्या पंपावर ठेवू नये असं सांगितलेलं आहे. सूज उतरवणारं औषध सोबत लागतंच.

आणि दमा ज्या प्राण्यामुळे भडकतो तो प्राणी घरात राहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. प्रयोगशाळांत असं घडलेलं आहे, की पहिल्या वर्षी शिंका म्हणून दुर्लक्षित केलेलं दुखणं तिसऱ्या वर्षी कायमचा दमा होऊन बसलं, आणि काम सोडल्यावरही पूर्ण गेलं नाही. क्वचित, पण खरंच, उंदराच्या चाव्यानंतर काही मिनिटांत अंगभर गांधी, ओठ-जिभेला सूज, चक्कर आणि श्वास अडकणं असा झटकाही येतो. तेव्हा गोळी शोधत बसू नये. मांडीच्या स्नायूत दिलेलं ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन हाच पहिला उपाय, आणि त्यासाठी जवळचं रुग्णालय गाठावं.

मुलाला हे सांगणं सोपं नव्हतं. "त्यांची काही चूक नाहीये ना मावशी?" असं त्यानं विचारलं. नव्हतीच. मी त्याला पिंपाच्या आकाराच्या त्या रेणूचं चित्र काढून दाखवलं. तुला त्रास होतो तो गुळाच्या सहीचा, त्याच्या स्वभावाचा नाही, असं सांगितलं. त्याला ते समजलं. समजल्यावरही तो रडला, आणि रडू दिलं हे बरं केलं.

तीळ आणि गूळ ऑगस्टमध्ये खारघरच्या एका शाळासोबत्याकडे गेले. त्या घरातल्या सगळ्यांनी आधी चार-पाच रविवार येऊन उंदरांसोबत काही तास घालवले, कुणाला शिंका येतात का ते पाहिलं, आणि पुढेही लक्ष ठेवायचं ठरवलं. दोघांना एकत्रच दिलं, कारण जोडी तोडली तर उरलेला झुरतो. असा प्राणी खाडीकाठी किंवा मोकळ्या जागेत सोडून द्यावा असं काही जण सुचवतात. तसं कधीही करू नये. पिंजऱ्यात वाढलेल्या उंदराला बाहेर निभावणं फार अवघड, आणि उपाशी-तहानलेला राहील अशा स्थितीत प्राणी सोडून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.

उंदीर गेले म्हणून त्रास दुसऱ्या दिवशी थांबला नाही. प्रथिन गादीत, पडद्यांत, सोफ्यात मुरलेलं असतं. मांजरीच्या बाबतीत ते ओसरायला चार ते सहा महिने लागतात असं आढळलं आहे. ताईनं पडदे गरम पाण्यात धुतले, गादीला धूळ न शिरणारी खोळ घातली, भिंती पुसल्या. दिवाळीपर्यंत रात्रीचा खोकला थांबला. पंप चालू आहे, आणि भाचा फुटबॉल खेळतो आहे.

वाचणाऱ्यांना एवढीच विनंती आहे. खोकल्यासाठी, शिंकांसाठी, अंगावर उठणाऱ्या गांधींसाठी दवाखान्यात जाल, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं नाही तरी स्वतःहून सांगा. घरात कोणता प्राणी आहे, तो कुठे झोपतो, पिंजरा कोण साफ करतं, आणि पाळलेला नसला तरी माळ्यावर, गोदामात किंवा कामाच्या जागी उंदीर आहेत का.